गायकवाड माउस

"मोरे सर, तुमचे उंदीर मरत नाहीयेत."

फोन डॉ. फडणीसांचा होता. त्यांची प्रयोगशाळा माझ्या वरच्या मजल्यावर. एरवी हा माणूस काही हवं असेल तर मेल पाठवायचा. त्या दिवशी फोन केला आणि आवाजात इतका आनंद होता की मी हातातला चहा खाली ठेवला.

बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल. म्हणून आधी थोडं सांगतो.

चाकणच्या अलीकडे, कारखान्यांच्या रांगेत एक जनुकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. ट्रस्टची संस्था, नफ्यासाठी नाही. औषध विकत नाही, पेटंटवर बसून राहत नाही. जे सापडेल ते सगळ्यांसाठी खुलं ठेवते. मी शिक्षणाने जनावरांचा डॉक्टर. त्या संस्थेच्या प्राणीगृहाचा प्रमुख म्हणून मी निवृत्त झालो. प्राणीगृह म्हणजे उंदीर. हजारो उंदीर. ठरावीक तापमान, गाळलेली हवा, उकळून घेतलेला भुसा.

आमचं घर चिखलीतलं, जुनं शेतकऱ्याचं. माझा थोरला भाऊ शेवटपर्यंत दोन बैल ठेवून होता. तो चारचौघांत म्हणायचा, "आमचा डॉक्टर लय मोठा झालाय. घरच्या बैलाला बघाया येळ न्हाई, अन् तिकडं उंदराला एसी लावतोय." लोक हसायचे. मीही हसायचो.

पण उंदराला एसी का, हे शेजारच्या कारखान्यावरून समजावता येईल. आमच्या भिंतीपलीकडे गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनत. एकासारखा दुसरा. केसभर फरक निघाला तर अख्खी खेप परत. आमचा उंदीर तसाच. पिढ्यानपिढ्या भावंडांचाच आपसात जोड लावून अशी जात तयार करतात की तिच्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जुळा भाऊ म्हणावा. मग त्यातल्या काहींना औषध दिलं, काहींना नाही दिलं आणि फरक दिसला, तर तो औषधाचाच. आमचे डायरेक्टर म्हणायचे, "आपला माल म्हणजे खात्री." सरकारी कॉलेजं, हॉस्पिटलं, दुसऱ्या संस्था आमच्याकडून उंदीर नेत ते या खात्रीसाठी.

फडणीसांचे उंदीर स्नायू झिजवणाऱ्या आजाराचे होते. हा आजार लहान मुलांना होतो. पोरगं आधी पळताना पडतं, मग जिना चढत नाही, मग चालत नाही. आजार एका जनुकातल्या बिघाडाने येतो. तोच बिघाड असलेल्या उंदरांची जात परदेशातल्या एका संस्थेने आम्हाला दिली होती. या उंदरांचा आजार वेगाने वाढतो आणि ते लवकर मरतात. म्हणून तर औषध तपासायला ते उपयोगी.

आणि आता ते मरत नव्हते.

"औषध लागू पडतंय?" मी विचारलं.

"इतक्यात म्हणत नाही. पण दांडीला लटकतायत हो! मागच्या खेपेचे या वयात उभे राहत नव्हते."

पुढचे काही आठवडे वरच्या मजल्यावर दिवाळी होती. मग एका सकाळी फडणीस स्वतः खाली आले. दाढी केलेली नव्हती.

"मोरे, कंट्रोलही जगतायत."

कंट्रोल म्हणजे ज्यांना औषध दिलेलं नाही असे उंदीर. ते ठरल्याप्रमाणे मरायला हवेत. ते मेले नाहीत, तर जगवणारी गोष्ट औषध नाही. दुसरंच काहीतरी आहे.

"खाद्य बदललंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पाणी? भुसा? तापमान?"

"काहीच नाही."

"मग उंदीर तुमचे आहेत का ते बघा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कानाचा बारीक तुकडा घेऊन त्यातला डीएनए जातीच्या नमुन्याशी ताडून बघतात. आम्ही तुकडे पाठवले. उत्तर आलं. आजाराचा बिघाड बरोबर होता. पण बाकीच्या जनुकांत दुसऱ्याच जातीची सरमिसळ होती. ती दुसरी जातही आमच्याच खोलीतली निघाली, शेजारच्या रॅकवरची. दोन्ही जाती काळ्या. डोळ्यांना फरक दिसत नाही.

अहवाल फडणीसांनी मला वाचून दाखवला. मी मान हलवत होतो. खरं तर त्यांनी दुसऱ्या जातीचं नाव घेतलं, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. हे कधी झालं, कसं झालं आणि कुणी केलं.

ते मी केलं होतं.

आदल्या वर्षीच्या दिवाळीचा पाडवा होता. सुटी असली तरी उंदरांना खायला लागतंच. मी सगळ्यांना घरी पाठवलं होतं आणि दुपारची फेरी स्वतः मारत होतो. घरी ओवाळायला बायको थांबली होती. तिचा फोन येऊन गेला होता. "पाहुणे जेवून उठले. तुमचे उंदीर जेवले असतील तर या."

खोलीत शिरलो तर रॅकखाली काळा उंदीर. नर. मी त्याला शेपटीला धरून उचललं. आजारी जातीच्या रॅकवर एका पिंजऱ्याचं झाकण तिरकं बसलं होतं. आत दोन माद्या होत्या, नर नव्हता.

आता नियम सांगतो. प्राणीगृहाचा पहिला नियम आहे: जमिनीवर सापडलेला उंदीर परत पिंजऱ्यात जात नाही. तो कुठूनही आलेला असो, कितीही मोलाचा असो, त्याला मारायचं. कारण तो नक्की कुठला हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. हा नियम आमच्या संस्थेत मीच लिहिला होता. तो मोडला म्हणून एका मुलाला मी कामावरून काढलंही होतं.

पण ती जात नीट वाढत नव्हती. आजारी उंदीर पिल्लं देण्याआधीच मरतात. त्यामुळे जात चालते ती वाहकांवर, म्हणजे बिघाड अंगात असून स्वतः आजारी नसलेल्यांवर. असे चांगले नर थोडेच उरले होते. त्यांतला एक माझ्या हातात होता. आणि डोळ्यांसमोर नर नसलेला उघडा पिंजरा. आमच्या घरी संध्याकाळी गुरं परत यायची तेव्हा वडील अंधारातही नुसत्या चालीवरून आपलं जनावर ओळखायचे. मलाही वाटायचं की आपली नजर तशीच आहे. मी तो उंदीर उलटासुलटा करून बघितला. आपलाच आहे, असं वाटलं. पिंजऱ्यात सोडला. झाकण दाबून बसवलं. घरी गेलो, ओवाळून घेतलं.

इथवरची चूक माणसाची म्हणून सोडून देता येईल. पुढची नाही.

सुटीनंतरच्या सकाळी संगीता गायकवाड माझ्या केबिनमध्ये आली. ती आमची सीनिअर टेक्निशियन. दापोडीची. वडील कंपनीत कामगार होते, त्यांनी तिला एम.एस्सी. केलं. ती खोली तिच्या ताब्यात होती. बोलणं तुटक, काम चोख.

"सर, शेजारच्या रॅकमध्ये एक नर कमी आहे. पाडव्याला तुम्हाला जमिनीवर काही दिसला का?"

त्या क्षणी मला कळलं की त्या दिवशी दोन नर बाहेर पडले होते. आदल्या दिवशी पिंजरे घाईत बदलले गेले होते, झाकणं नीट बसली नव्हती. दोन गेले, सापडला एक. तो कुठला, हे मला माहीत नव्हतं. अजून सगळं हातात होतं. तो पिंजरा काढायचा, नर मारायचा, माद्या बाजूला ठेवायच्या. फक्त त्यासाठी तिला सांगावं लागलं असतं की नियम लिहिणाऱ्याने नियम मोडलाय.

"नाही," मी म्हणालो.

"बरं. मग सापळे लावते."

तिने सापळे लावले. काही सापडलं नाही. 'एक नर हरवला, मिळाला नाही' असं तिने रीतसर कळवलं. मी सही केली. त्या पिंजऱ्यात पुढे पिल्लं झाली, त्यांत एकही आजारी निघालं नाही. असं कधीकधी होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ती पिल्लं मोठी झाली. इतर पिंजऱ्यांत जोडीला गेली. पुढच्या पिढ्यांत आजारी पिल्लं निघाली, पण सरमिसळ झालेली. ती वर फडणीसांकडे गेली.

अहवाल आल्यावर डायरेक्टरांनी मला बोलावलं.

"मोरे, परदेशातल्या लोकांना मी काय तोंड दाखवू? त्यांनी विश्वासाने जात दिली."

"हो, सर."

"चौकशी करा. तुम्हीच करा. त्या खोलीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "करतो."

संगीताला समोर बसवलं. आजही ते संभाषण मला शब्दाशब्दाने आठवतं.

"सर, पाडव्यानंतर मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"मग तो या पिंजऱ्यात गेला कसा?"

"तेच शोधतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला संशय आला असं मला वाटलं. तो आला नव्हता, हे फार पुढे कळलं.

"मी ठेवला नाही, सर. मला नियम माहीत आहे. आणि ठेवायचाच असता तर हरवला म्हणून तुम्हाला सांगायला कशाला आले असते?"

"आणखी कुणी ठेवला असेल?"

"मी कुणाचं नाव घेणार नाही," म्हणाली.

अहवालात मी तिच्यावर आरोप केला नाही. मी लिहिलं, 'खोलीच्या जबाबदार कर्मचाऱ्याकडून नियमाचं पालन झालं नसल्याची शक्यता नाकारता येत नाही.' ऑफिसचं वाक्य. त्यात कुणाचं नाव नाही. पण खोलीला जबाबदार कर्मचारी एकच होती. आणि उंदीर हरवला हे तिने स्वतः प्रामाणिकपणे कळवलं होतं. तेच तिच्या विरोधात गेलं. हरवला तर होता, मग सापडलाही असणार आणि हिनेच गुपचूप ठेवला असणार, असं लोक म्हणू लागले.

मी मनाशी बरीच कारणं जुळवली होती. माझं नाव आलं तर अख्ख्या प्राणीगृहावरचा विश्वास जाईल, बाकीच्यांच्या नोकऱ्या जातील, वगैरे. त्यातलं थोडं खरंही असेल. पण खरं कारण तेवढं मोठं नव्हतं. मला लाज वाटत होती.

तिला काढलं नाही. स्टोअरला बदली केली, खाद्याच्या गोण्या आणि भुसा बघायला. काही महिन्यांत तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्हाला खरंच वाटतं मी ठेवला?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही, संगीता. कागदावर जे आहे..."

"बरं," म्हणाली आणि गेली.

मग कामं पुढे सरकली. परदेशातल्या संस्थेने त्या जातीचे गोठवलेले भ्रूण ठेवले होते. त्यांच्यापासून आम्ही जात पुन्हा उभी केली. फडणीसांनी औषधाचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी औषध दिलेले आणि न दिलेले दोन्ही ठरल्या वेळी मेले. औषध निरुपयोगी होतं.

पण फडणीस हाडाचे संशोधक. ते म्हणाले, "औषधाने नाही जगले, हे कळलं. मग कशाने जगले?" सरमिसळ झालेले उंदीर मी मारून टाकणार होतो. त्यांनी अडवलं. बरीच वर्षं खपून त्यांनी शोधून काढलं की शेजारच्या जातीत एक वेगळं जनुक असं आहे की ते सोबत असेल तर स्नायूंची झीज हळू होते. मग मोठ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनी माणसांत तसं काही दिसतं का ते बघितलं. एकाच घरात एकच आजार असलेले दोन भाऊ, एक लवकर चाकाच्या खुर्चीत बसतो, दुसरा बराच काळ चालतो. असं का, याचा एक धागा तिथे मिळाला. आजार बरा झाला नाही. पण औषध कुठल्या दिशेने शोधायचं ते कळलं.

आमच्या संस्थेचं जगात नाव झालं ते या शोधाने. त्या शोधनिबंधावर माझंही नाव आहे. आत एका ओळीत म्हटलंय की ही सरमिसळ 'टेक्निशियनच्या चुकीने' झाली. मी तो निबंध छापण्याआधी वाचला होता. दुरुस्त्या सुचवल्या होत्या. ती ओळ तशीच ठेवली.

मी निवृत्त झालो. मध्यंतरी संस्थेने नव्या प्रशिक्षणार्थींना चार शब्द सांगायला मला बोलावलं. माझ्या आधी एक तरुण टेक्निशियन नियम समजावत होती. जमिनीवरच्या उंदराचा नियम आला. पडद्यावर कार्टून होतं. उंदीर, कपाळावर टिकली, शेपटी साडीच्या पदरासारखी खांद्यावर. खाली लिहिलं होतं: गायकवाड माउस.

"गायकवाड कोण, मॅडम?" एका पोराने विचारलं.

"होत्या कुणीतरी पूर्वी. पळालेला उंदीर गुपचूप परत ठेवला आणि सगळा प्रयोग बरबाद. तेव्हापासून पळालेल्या उंदराला आपण गायकवाड माउस म्हणतो."

पोरं हसली. मागून कुणी म्हणालं, "हैदराबादलाही हेच म्हणतात, मॅडम. माझ्या सीनिअरने सांगितलं होतं." आमच्याकडची माणसं ठिकठिकाणी नोकरीला गेली, शब्दही बरोबर गेला.

मग माझी ओळख करून देण्यात आली. मी उठलो, चार शब्द सांगितले, पुष्पगुच्छ घेतला. त्या दिवशीही बोललो नाही. पुढच्या रविवारी मात्र दापोडीला गेलो.

संगीता अजून तिथेच राहते, पिंपरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. केस पिकलेत. मला दारात बघून चपापली, पण "या सर, बसा," म्हणाली. पंखा लावला. चहा ठेवला. मी चहा व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं, नाहीतर राहिलं असतं.

तिने गॅस बंद केला.

"म्हणजे विजय नव्हता?"

मला आधी कळेना. विजय थोरवे आमच्याकडे पिंजरे बदलायच्या कामावर होता. खेडकडचा. झाकणं त्यानेच लावली होती, गावची एसटी गाठायची म्हणून घाईत.

"मला वाटलं, सुटीनंतर माझ्या आधी तो खोलीत आला, उंदीर बघितला आणि नोकरीला घाबरून परत ठेवला," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हा नाव घेतलं नाही. म्हटलं, आपणहून सांगेल. माझी बदली झाली, तरी हा गप्प. मला ताई म्हणायचा, सर. दर भाऊबीजेला या घरात यायचा. त्या वर्षानंतर आला, तेव्हा मी दारातून परत पाठवला. का ते सांगितलंही नाही. त्याच्या लग्नाला गेले नाही."

इतकी वर्षं मी माझ्या चुकीचा हिशोब एका माणसापुरता धरून चाललो होतो.

"मी माफी मागायला आलोय, संगीता."

"ती राहू दे तुमच्याकडे." तिने माझ्याकडे बघितलं. "मला कशाला सांगताय? मी ठेवला नाही हे मला माहीतच होतं की. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आधी विजयला. मग तुमच्या त्या संस्थेला. कार्टून काढलंय म्हणता ना माझं?"

"हो."

"टिकली लावत नाही मी, सांगा त्यांना."

चहा तिने दिला नाही. मीही थांबलो नाही.

विजय आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट सुटताना गेटबाहेर गाठला. लांबून ओळखून पळत आला, पाया पडायला वाकला. मी त्याला धरून टपरीवर नेलं आणि सांगितलं. तो ऐकत होता. मग हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

"आमाला वाटायचं, झाकण नीट लावलं न्हाई म्हणून ताई रागावली. म्हटलं, बरोबरच हाय तिचं. माझ्यामुळं तिची नोकरी गेली." मग म्हणाला, "झाकण तर माझंच होतं ना, सर?"

"झाकण तुझं. पुढचं सगळं माझं."

"एक विचारू? एवढी वर्षं जेवण जात होतं का तुमाला?"

"जात होतं," मी म्हणालो. खोटं बोलायचा आणखी काही उपयोग नव्हता.

त्याने चहा टाकून दिला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. पाया पडला नाही.

संस्थेत नवीन डायरेक्टर आहेत. सभ्य बाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"सर, आता इतक्या वर्षांनी हे बाहेर काढून कुणाला फायदा?"

"आपली संस्था फायद्याची नाही ना, मॅडम?"

त्यांना हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या. शोधनिबंध छापणाऱ्यांना कळवलं. त्यांचं म्हणणं, निष्कर्ष बदलत नाहीत, तेव्हा दुरुस्तीची गरज नाही. डायरेक्टरबाईंनी पुन्हा लिहिलं. अखेर 'टेक्निशियनच्या चुकीने' काढून 'प्रमुखाने पळालेला उंदीर नियम मोडून परत ठेवल्याने' अशी छोटी दुरुस्ती आली. संगीताला संस्थेचं लेखी पत्र गेलं. पडद्यावरचं कार्टून बदललं. आता तो मोरे माउस आहे. त्याला मिशी काढलीय, असं ऐकतो. तरी बोलताना लोकांच्या तोंडात जुनंच नाव येतं. हैदराबादेत तर बदल पोहोचलाच नसेल. म्हणून हे इथे लिहितोय. ज्यांनी ज्यांनी तो शब्द वापरला असेल, त्यांनी कृपा करून नाव बदलून घ्यावं.

फडणीस आता मुलाकडे परदेशात असतात. त्यांना फोन करून सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. पण ते अगदी संशोधकासारखं बोलले.

"कुठल्या पिंजऱ्यात, कुठला नर, केव्हा गेला, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला तेच शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, मोरे. सरमिसळ कुठून सुरू झाली तेच कळत नव्हतं. पिढ्या उलट मोजत बसलो होतो. तुम्ही सांगितलं असतंत तर ते जनुक कितीतरी आधी सापडलं असतं." मग म्हणाले, "हॉस्पिटलवाले तेव्हा वाट बघत होते."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मी गप्प बसलो त्याने विज्ञानाचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते एका बाईचं.

संगीताचा एकदा फोन आला. "पत्र मिळालं. विजय येऊन गेला," एवढंच बोलून तिने ठेवला. तो कधी आला, काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

एक शेवटची गोष्ट, नव्या लोकांसाठी. आमच्या कामात औषध देणारा माणूस निकाल मोजत नाही. मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध दिलंय हे सांगत नाहीत. तो लबाड असतो म्हणून नाही. भल्या माणसालाही हवं तेच दिसतं, म्हणून. ही पद्धत मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवली. माझी चौकशी मात्र माझ्याकडेच आली आणि मी ती घेतली. आता संस्थेत चौकशी बाहेरचा माणूस करतो आणि सुटीच्या दिवशी प्रमुखालाही प्राणीगृहात एकट्याने जाता येत नाही. हा नियम मी लिहून दिला. डायरेक्टरबाईंना त्यातली 'प्रमुखावर विश्वास ठेवू नये' ही ओळ जरा कडक वाटली. मी ती काढू दिली नाही.